सामन्याच्या रात्रीची बर्बन

प्रिय विन्या,

सप्रेम नमस्कार.

फुटबॉलच्या फायनलला आठ जण तुझ्याकडे जमणार, त्यातले दोघे न पिणारे, आणि बर्बनची, म्हणजे मुख्यतः मक्यापासून केलेल्या अमेरिकन व्हिस्कीची, कोणती बाटली आणू असा तुझा प्रश्न. बाटलीचं सांगतोच, पण आधी घड्याळाचं बोलू. नुसत्या गप्पांच्या बैठकीत माणूस बोलताना पीत नाही, त्यामुळे वेग आपोआप आवरला जातो. मॅच बघताना तोंड रिकामं आणि हात मोकळा. चेंडू गोलपोस्टाला आपटून परत आला की अर्धा ग्लास संपलेला असतो आणि पिणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. म्हणून माझं मत पक्कं आहे: खेळ चालू असेपर्यंत सोडा घातलेली लांब हायबॉल, कोरी, म्हणजे पाणी-सोडा न घातलेली, फक्त मध्यंतरात, आणि भारीतली बाटली शेवटची शिट्टी वाजल्यावर. चालू खेळात कोरी बर्बन ओतणं म्हणजे पैसे आणि चव दोन्ही वाया घालवणं, कारण तिला लागतं नाक, आणि ते त्या वेळी कुणाचंच ठिकाणावर नसतं.

फुटबॉलची मॅच म्हणजे 90 मिनिटं, 15 मिनिटांचं मध्यंतर आणि वरची भरपाईची वेळ, असे दोन तास. पण फायनल आहे. बरोबरी झाली तर आणखी 30 मिनिटं आणि मग पेनल्टी, म्हणजे पावणेतीन तास धरून चाल. अमेरिकन फुटबॉलचं घड्याळ 60 मिनिटांचं असलं तरी खेळ सारखा थांबत तीन तास चालतो, तिथे ग्लास आणखी लांबवावा लागतो. आणि कसोटीचा दिवस असेल तर शेवटच्या सत्राआधी बाटलीला हातच लावू नये. दोन-दोन तासांची तीन सत्रं कुणाच्याच्याने निभत नाहीत.

तुझ्या सहा पिणाऱ्यांचा हिशेब असा. पहिल्या हाफमध्ये एक हायबॉल, दुसऱ्या हाफमध्ये एक, प्रत्येकी 30 मिली बर्बनची. मध्यंतरात 20 मिली कोरी, मॅच संपल्यावर 30 मिली. माणशी 110 मिली झाली. हायबॉलला 50 टक्के अल्कोहोलची आणि कोरीला 45 टक्क्यांची धरली, तर यात शुद्ध अल्कोहोल साधारण 41 ग्रॅम येतं. अमेरिकेत 14 ग्रॅमला एक प्रमाण पेय मानतात, म्हणजे ही जवळजवळ तीन झाली. शरीर ढोबळमानाने तासाला एक निपटतं, तेव्हा रात्र मजेत जाईल, पण गाडी कुणीही चालवायची नाही. घरी सोडण्याचं काम न पिणाऱ्या दोघांकडे मॅचच्या आधीच ठरवून दे. एक्स्ट्रा टाइम लागला तर त्याच्यासाठी वेगळा पेग नाही, सोडा आणि बर्फ आहे.

आता बाटल्या. दोन लागतील, 750 मिलीच्या, आणि माझ्या हिशेबाने दोन्ही अर्ध्या उरल्या पाहिजेत: हायबॉलला 360 मिली जाईल, कोरीला 300. हायबॉलला लोक हलकी आणि स्वस्त बाटली घेतात, आणि तिथेच गडबड होते. 40 टक्क्यांच्या 30 मिलीत 120 मिली सोडा आणि वितळलेला बर्फ मिसळला की उरतं ते पिवळसर पाणी. मग लोक म्हणतात 'काही लागतच नाही' आणि दुप्पट ओततात. 50 टक्क्यांची घेतलीस तर तेवढ्याच मापात लाकूड आणि व्हॅनिला टिकून राहतात. लेबलवर 'बॉटल्ड इन बाँड' असं शोध. हा अमेरिकेतला 1897 चा कायदा, व्हिस्कीत वाट्टेल ते मिसळणाऱ्यांना आळा घालण्यासाठी केलेला: एकाच डिस्टिलरीची, एकाच हंगामात गाळलेली, सरकारी देखरेखीच्या गोदामात किमान 4 वर्षं मुरलेली आणि नेमकी 50 टक्के म्हणजे 100 प्रूफची. एव्हन विल्यम्सची पांढऱ्या लेबलची बाँडेड किंवा ओल्ड ग्रँड-डॅड बाँडेड या कामाला चोख. वाइल्ड टर्की 101 बाँडेड नाही, पण 50.5 टक्क्यांची आहे आणि सोड्यात तिचा आवाज दबत नाही.

कोरीसाठी 45च्या आसपासची पुरे. बफेलो ट्रेस 45, मेकर्स मार्क 45, वुडफर्ड रिझर्व्ह 45.2. बर्बनला निम्म्याहून जास्त, म्हणजे किमान 51 टक्के मका लागतोच. उरलेल्यात बहुधा राय (गव्हासारखंच एक धान्य) आणि माल्टेड बार्ली, म्हणजे मोड आणून वाळवलेलं जव, असते. मेकर्स मार्कमध्ये रायऐवजी गहू असतो, म्हणून ती मऊ आणि गोडसर. राय जास्त असलेल्या बाटलीत मिरी-लवंगेसारखा तिखटपणा येतो. बुलेट नावाच्या बर्बनमध्ये राय 28 टक्के आहे. आठ जणांत नवखे असतील तर गव्हाची आण, ती कुणाला दुखवत नाही. मला स्वतःला रायवालीच आवडते. टक्क्यांनी काय एवढा फरक पडतो असं वाटत असेल, तर मेकर्स मार्कने 2013 मध्ये 45ची 42 करायची ठरवली तेव्हा काय झालं ते आठव: गिऱ्हाइकांनी एवढा गलका केला की काही दिवसांतच निर्णय मागे घ्यावा लागला.

दुकानात आणखी एक बघ. नुसतं 'बर्बन' लिहिलेली बाटली किती दिवस मुरावी याला किमान मुदत नाही. 'स्ट्रेट बर्बन' असेल तर कमीत कमी 2 वर्षं, आणि 4 वर्षांच्या आतली असेल तर वय छापावंच लागतं. वय छापलेलं नसलेली स्ट्रेट म्हणजे 4 किंवा जास्त. मध किंवा सफरचंद घातलेल्या बाटल्या शेजारीच ठेवलेल्या असतात. त्या बर्बन नव्हेत. बर्बनला रंग किंवा स्वाद वरून घालता येत नाही. रंग सगळा आणि स्वादाचा मोठा भाग नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपातून येतो. आगीने लाकडातली साखर करपते आणि लाकडातल्याच लिग्निन या घटकापासून व्हॅनिलाचा वास देणारं व्हॅनिलिन सुटतं, कॅरॅमलसारखी गोडी त्यामुळेच.

बर्फाकडे सगळ्यात जास्त लक्ष दे. बिघडतं ते इथेच. अडीच सेंटिमीटरचे आठ खडे आणि पाच सेंटिमीटरचा एक ठोकळा, दोन्हींचा बर्फ तेवढाच, पण खड्यांचा पृष्ठभाग दुप्पट: 300 चौरस सेंटिमीटर विरुद्ध 150. म्हणून खडे भराभरा वितळतात. हायबॉलला ग्लास काठोकाठ बर्फाने भरायचा, कारण भरपूर बर्फ एकमेकाला थंड ठेवतो आणि कमी वितळतो. दोनच खडे टाकले की पाच मिनिटांत पाणी. काचेसारखा स्वच्छ ठोकळा हवा असेल तर पाणी उकळत बसू नकोस, त्याने फारसं काही होत नाही. बर्फ एकाच दिशेने गोठायला हवा. छोटा थर्मल बॉक्स झाकण न लावता पाण्याने भरून फ्रीझरमध्ये ठेव. बाजू आणि तळ उबदार राहतात, बर्फ वरून खाली गोठत जातो आणि विरघळलेली हवा खाली ढकलली जाते. अठरा ते चोवीस तासांत बाहेर काढ, खालचा धुरकट थर आणि न गोठलेलं पाणी टाकून दे. लादी टेबलावर दहा-पंधरा मिनिटं राहू दे, वरचं पांढरं दव जाऊन ती पारदर्शक झाली की पावाच्या सुरीने रेघ पाडून पाठीवर हलकं ठोक, सरळ तुटते. थेट फ्रीझरमधली लादी मात्र ठोकलीस तर वेडीवाकडी फुटेल, आणि त्याच कारणाने फ्रीझरमधला ठोकळा ग्लासात टाकून लगेच बर्बन ओतली की तो तडकतो. बर्फ बंद पिशवीत ठेव. उघडा राहिला तर फ्रीझरमधल्या सगळ्या वासांची चव ग्लासात उतरते. तुला एकूण चार किलो तरी लागेल, बादलीत वितळणारा धरून.

हायबॉल करायची ती अशी. उंच ग्लास बर्फाने भर, चमच्याने फिरवून काच थंड कर, साचलेलं पाणी ओतून टाक. मोजून 30 मिली बर्बन, पुन्हा थोडं फिरव. मग फ्रिजमधला गार सोडा, 120 मिली, बर्फावर न आपटता ग्लासाच्या कडेने. शेवटी चमचा तळाशी नेऊन एकदाच हळूच वर उचल. ढवळत बसलास की बुडबुडे गेले. कोमट सोडा सगळ्यात वाईट, कारण उष्ण पाण्यात कार्बन डायऑक्साइड टिकतच नाही. बारा हायबॉलना दीड लिटरभर सोडा लागेल, न पिणाऱ्यांचा धरून तीन लिटर आण. पण लहान बाटल्यांत, मोठी उघडली की दुसऱ्या हाफपर्यंत तिचे बुडबुडे गेलेले असतात. संत्र्याच्या सालीचा तुकडा वर पिळला तर छान, नसला तरी काही बिघडत नाही. पेगमेजर मात्र हवाच. रुंद बसक्या ग्लासात नुसत्या नजरेने ओतलेली 30 हमखास 45-50 होते, आणि मग वरचा सगळा हिशेब कोलमडतो.

ओल्ड फॅशन्ड हे बर्बनचं कॉकटेल मॅचला नको. एकेका ग्लासात 60 मिली जाते आणि ती करत बसणारा माणूस गोल चुकवतो.

मध्यंतराच्या पंधरा मिनिटांपैकी पाच रांगेत आणि बाथरूममध्ये जातात, दहा उरतात. तेवढ्यात 20 मिली कोरी, सगळ्यांनी टीव्हीकडे पाठ करून. नाक ग्लासात खुपसायचं नाही, ओठ किंचित उघडे ठेवून काठाजवळून वास घ्यायचा. तोंड मिटलं की अल्कोहोलचा झणका सरळ नाकात जातो. पहिला घोट जिभेला नुसता भाजतो, त्यावरून मत बनवू नये, दुसरा खरं सांगतो. कुणाला तिखट लागली तर पाणी घालू दे, पण चमच्याने. 45 मिली 50 टक्क्यांच्या बर्बनमध्ये एक चमचा, म्हणजे 5 मिली पाणी पडलं की ती 45 टक्क्यांवर येते. नळाखाली धरायची नाही. ग्लास बसके, जड बुडाचेच ठेव. निमुळते वास घ्यायला उत्तम, पण गोल झाला की तेच आधी लवंडतात.

चकण्यात खारे दाणे, चीज, डार्क चॉकलेट. मीठ बर्बनची गोडी वर काढतं. फार तिखट पदार्थ कोरीबरोबर ठेवू नकोस: तोंडातला जो संवेदक मिरचीने पेटतो, त्यालाच अल्कोहोल आणखी हळवं करतं, त्यामुळे दोन्हींची आग बेरीज होऊन लागते आणि माणूस ती विझवायला पुन्हा ग्लासच उचलतो. पोटभर जेवण मात्र किकऑफच्या आधी. भरल्या पोटातून अल्कोहोल आतड्यात सावकाश उतरतं. चढल्यावर जेवून तो फायदा मिळत नाही. प्रत्येक ग्लासामागे एक ग्लास साधं पाणी, आणि ते माणसांसमोर भरूनच ठेव, मागितल्यावर देऊ म्हटलंस तर कुणी मागणार नाही.

मिंट जुलेपचं, म्हणजे पुदिना घातलेल्या बर्बनच्या कॉकटेलचं, विचारलं होतंस. ती अमेरिकेतल्या लुइव्हिल शहरात होणाऱ्या केंटकी डर्बी या घोड्यांच्या शर्यतीची, मे महिन्यातल्या पहिल्या शनिवारची. 1875 पासून चालू असलेली सव्वा मैलाची ही शर्यत दोन मिनिटांत संपते. सेक्रेटेरिएट घोड्याचा 1973 चा 1 मिनिट 59.40 सेकंदांचा विक्रम अजून तसाच आहे. दोन मिनिटांच्या खेळाला 60 मिली बर्बन, 10 मिली साखरेचा पाक, आठ-दहा पुदिन्याची पानं आणि कुटलेल्या बर्फाचा डोंगर शोभतो, कारण सगळी मजा शर्यतीच्या आधीच्या वाट पाहण्यात आहे. पानं हलकी दाबायची, चेचली की कडू होतात. दोन तासांच्या फुटबॉलला कुटलेला बर्फ चालत नाही.

उरलेल्या बाटल्या उभ्याच ठेव, वाइनसारख्या आडव्या नकोत; एवढ्या तीव्र अल्कोहोलने बूच कुजतं आणि काढताना आतच तुटतं. तुटलंच तर कॉफीच्या गाळणकागदातून गाळून घे. उन्हापासून लांब, कपाटात. अर्धी बाटली काही महिने छान राहते, पण तळाशी चार बोटं उरली की आतल्या हवेने चव उतरायला लागते. ती लहान बाटलीत काठोकाठ भरून ठेव किंवा हायबॉलला वापरून टाक. थर्मल बॉक्स फ्रीझरमध्ये बसतो का, ते आजच मोजून बघ आणि कळव. नसेल बसत तर दुसरी युक्ती सांगतो.

तुझा,
मिलिंद