खाणमजुरांच्या तपासणीत गुप्तरोग आणि नशेचाही विचार व्हावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोन्याच्या वाढत्या भावाच्या बातम्या आपल्या दैनिकात ठळकपणे येतात. परंतु जगातील सुमारे एक-पंचमांश सोने ज्या छोट्या, बहुतांशी विनापरवाना खाणींतून निघते, तेथे राबणाऱ्या एक ते दोन कोटी माणसांच्या प्रकृतीविषयी आपल्याकडे क्वचितच लिहिले जाते. सोने वेगळे करताना वापरल्या जाणाऱ्या पाऱ्याच्या त्यांना होणाऱ्या विषबाधेची दखल पाऱ्याविषयीच्या आंतरराष्ट्रीय मिनामाता कराराने तरी घेतली. लैंगिक आजार आणि नशा हे विषय मात्र बदफैलीपणाच्या खात्यात टाकले जातात.

वस्तुतः दोन्हींचे मूळ कामाच्या पद्धतीतच आहे. घाना किंवा झिंबाब्वेमधील सोनखाणींवर पुरुष घरापासून महिनोन्‌महिने दूर राहतात, सोने सापडले की रोख पैसा एकदम हाती येतो आणि त्या पैशावर डोळा ठेवून दारू व देहविक्रीची वस्ती खाणीशेजारीच उभी राहते. घानात अंगदुखी आणि थकवा मारण्यासाठी ट्रॅमाडॉल या अफूवर्गीय वेदनाशामकाच्या गोळ्या घेतल्या जातात. त्याच गोळ्या संभोग लांबवण्यासाठीही वापरल्या जातात, आणि नशेत निरोध बाजूलाच राहतो. यात आपलाही हात आहे, हे विसरता येणार नाही. टॅपेंटाडॉल (अफूवर्गीय वेदनाशामक) आणि कॅरिसोप्रोडॉल (स्नायू सैल करणारे औषध) यांच्या मिश्रणाच्या गोळ्या पश्चिम आफ्रिकेत नशेसाठी विकल्या जात असल्याचे उघड झाल्यावर फेब्रुवारी 2025 मध्ये केंद्राने त्यांचे उत्पादन व निर्यात बंद केली, आणि त्या बनवणारी कंपनी महाराष्ट्रातलीच होती.

नागपूरभोवती सोनखाणी नाहीत. कोळसा, मँगनीज, गिट्टीच्या खदानी आणि कन्हानचे रेतीघाट आहेत. तेथे ठेकेदाराकडे राबणाऱ्या परप्रांतीय मजुराची स्थिती फारशी वेगळी नाही. एड्स समुपदेशनाच्या कामात असताना एका खदानीवरचा मजूर माझ्यासमोर बसला होता. लघवीच्या जागेतून पू येत होता. औषधाच्या दुकानातून त्याने अर्धीच पट्टी कापून घेतली होती, त्यातील काही गोळ्या स्वतः घेतल्या आणि उरलेल्या तोच त्रास असलेल्या सोबत्याला दिल्या. सरकारी दवाखान्यात या तक्रारीसाठी राखाडी रंगाचे किट फुकट मिळते आणि त्यातील औषध एकाच वेळी घ्यायचे असते, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. सकाळची ओपीडी गाठायची तर रोजी बुडणार, शिवाय ठेकेदाराला कळले तर काम जाईल, ही धास्ती वेगळीच. वास्तविक 2017 च्या एचआयव्ही कायद्याने सक्तीची चाचणी आणि एचआयव्हीच्या कारणावरून कामावरून काढणे, या दोन्हींना मनाई केलेली आहे.

भारतीय खाण ब्यूरो, मँगनीज काढणारी मॉईल आणि कोळसा काढणारी वेकोलि (वेस्टर्न कोलफील्ड्स) यांची मुख्यालये याच शहरात आहेत. कोलारच्या सोनखाणींच्या गावी सुरू झालेली राष्ट्रीय खाण कामगार आरोग्य संस्थाही पुढे नागपुरात आली आणि 2019 मध्ये अहमदाबादच्या संस्थेत विलीन झाली. इतकी साधने हाताशी असूनही खाणकामगारांची वैद्यकीय तपासणी मुख्यतः छाती आणि फुप्फुसांभोवतीच फिरते, आणि ठेक्यावरचे व घाटावरचे लोक तर तिच्यापर्यंतही पोहोचत नाहीत. सिलिकोसिस (दगडाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार) असलेल्या मजुराला एचआयव्हीची लागण झाली की क्षयाचा धोका कित्येक पटींनी वाढतो, हे दक्षिण आफ्रिकेच्या सोनखाणींत दिसून आले आहे. मग छाती तपासताना गुप्तरोग व एचआयव्हीविषयी न विचारणे वैद्यकीयदृष्ट्याही चुकीचे ठरते.

म्हणून जिल्हा प्रशासन, एड्स नियंत्रण यंत्रणा आणि खाण कंपन्या यांनी मिळून पगाराच्या दिवशी सायंकाळी खदानींवर व रेतीघाटांवर फिरते तपासणी केंद्र न्यावे. तेथे गुप्तरोगाचे उपचार, स्वेच्छेची एचआयव्ही चाचणी, निरोध आणि दारू सोडवण्याचा सल्ला एकाच ठिकाणी मिळावा, जोडीदारालाही औषध द्यावे आणि मजुराचे नाव ठेकेदाराकडे जाऊ नये. पोलिसांना या केंद्रापासून दूर ठेवावे, अन्यथा तिकडे कोणी फिरकणार नाही.

आपला,
एक निवृत्त समुपदेशक, नागपूर