बॉडी उचलण्याआधी दरवाजे मोजा

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत जुन्या गाड्यांच्या दुरुस्तीवरचं पान वाचलं. चार-पाच जण एका गाडीची बॉडी चासीवरून, म्हणजे खालच्या सांगाड्यावरून, उचलताहेत असं मोठं छायाचित्र आहे, आणि खरं काम इथून सुरू होतं अशा अर्थाची ओळ त्याखाली आहे. मला या ओळीबद्दलच लिहायचंय. खरं काम त्याच्या आधीच व्हायला हवं. ते झालं नाही तर काय होतं, हे मी माझ्या वडिलांच्या १९६६ च्या फोक्सवॅगन बीटल गाडीच्या बाबतीत पाहिलं आहे.

बीटलची बॉडी सोडवणं तसं अवघड नाही. क्लचची केबल, हँडब्रेक, गिअरचा दांडा हे सगळं खालच्या पत्र्यातच, म्हणजे चासीतच, राहतं. सोडवायचं ते मोजकंच: स्टिअरिंगचा जोड, पुढच्या टाकीची पेट्रोलची नळी, ब्रेक ऑइलच्या डबीची नळी, डाव्या पुढच्या चाकातून येणारी स्पीडोमीटरची केबल आणि इंजिनकडच्या वायरी. मग कडेचे बोल्ट. ज्या गॅरेजकडे गाडी दिली होती त्यांनी पहिल्याच आठवड्यात हे केलं, बॉडी उचलली आणि मला फोटो पाठवला. मला फार आनंद झाला होता.

पुढे त्यांनी ती बॉडी दोन लाकडी घोड्यांवर, म्हणजे आधाराच्या चौकटींवर, ठेवली, एक पुढे, एक मागे. मधे काही नाही. तशा अवस्थेत गंजलेले दोन्ही हीटर चॅनल एकाच वेळी कापून काढले. ज्यांना ही गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. दरवाज्याखालून जाणारी ही पत्र्याची पोकळ पेटी इंजिनाकडची गरम हवा आत आणते. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे बॉडीला खालून ताठ धरते तीच, आणि चासीचे बहुतेक बोल्ट बसतात तेही तिच्यातच. तीच काढली की गाडीचा पुढचा आणि मागचा भाग नुसत्या छताने जोडलेला उरतो. मधला भाग हळूहळू खाली बसतो, आणि तो बसताना डोळ्यांना काही दिसत नाही.

नवीन चॅनल त्या बसलेल्या अवस्थेतच वेल्ड झाले. बॉडी परत चासीवर आली, दरवाजे लावले, तर ड्रायव्हरच्या बाजूचा दरवाजा कुलपाच्या खांबाला वरच्या कोपऱ्यात घासायला लागला. मी स्वतः मोजलं: मागच्या कडेला वर जेमतेम दीड मिलिमीटर फट, खाली नऊ. बिजागऱ्या सैल करून पाहिल्या, दरवाजा घासून पाहिला. चौकट वाकडी असताना दरवाजाचा काय दोष? नवे कोरे चॅनल पुन्हा कापावे लागले.

दुसऱ्यांदा काम ज्यांनी केलं त्या मिस्त्रींनी आठवडाभर कटरला हातच लावला नाही. त्यांनी बॉडी चासीवर ठेवून बोल्ट आवळले. दरवाज्याच्या चौकटीत बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत चौकोनी पाइप आडवा वेल्ड केला, दुसरा तिरका, आणि दोन्ही बाजू एकमेकींना छताखालून जोडल्या. चासीची कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतची दोन्ही तिरकी मापं घेऊन ती सारखी भरतात का ते पाहिलं. मग एकच बाजू कापली. नवा चॅनल आधी फक्त वेल्डचे छोटे टाके मारून धरला, दरवाजा लावला, फट मोजली, काढला, आणखी दोन टाके, पुन्हा दरवाजा. ती बाजू पूर्ण झाल्यावरच दुसरी. बॉडी उतरवली ती या सगळ्यानंतर, पाइप तसेच ठेवून, चासी रंगवायला. दर बोल्टाची जागा लिहिलेल्या पिशव्या होत्या आणि बॉडी-चासीच्या मधली रबरी पट्टी नवी टाकली.

म्हणून गाडी द्यायला जाणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. गॅरेजमध्ये पहिला प्रश्न बॉडी कधी उचलणार हा विचारू नका. दरवाज्यांची आजची मापं कुठे लिहून ठेवली, हे विचारा. आणि उचलायची गरज आहे का, हेही विचारा. चॅनल ठोकल्यावर खणखणीत आवाज येत असेल, बॅटरीखालचा पत्रा गंजाने खाल्लेला नसेल आणि बाकी चासीला खालून हात पोचत असेल, तर बॉडी उतरवूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. कारखान्यात बसलेला सांधा एकदा सोडवला की तो पुन्हा तसाच बसवायला किती कष्ट पडतात ते मी पाहिलंय.

आणखी एक गोष्ट त्या पानावर यायला हवी होती. सगळ्याच जुन्या गाड्यांना वेगळी चासी नसते. १९३४ ची सिट्रोएन ट्रॅक्शन अव्हाँ किंवा १९४८ ची मॉरिस मायनर यांची बॉडी हाच त्यांचा सांगाडा. तिथे उचलून वेगळं करण्यासारखं काही नसतंच, आणि तळ कापायचा तर आधारांची काळजी दुप्पट.

पुढच्या वेळी असं छायाचित्र छापाल तेव्हा एवढं करा: दरवाज्याच्या चौकटीतला तो तिरका पाइप दिसेल असं निवडा. तो नसेल, तर का नाही हे त्या गॅरेजला विचारून खाली छापा.

आपली नियमित वाचक