लेक

खोन केन, थायलंड
जानेवारी

तीर्थरूप बाबा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

इथं गाळप जोरात सुरू आहे. रात्रपाळी संपवून निघतो तेव्हा उसाच्या ट्रकांची रांग पार गावापर्यंत आलेली असते, आणि मळीचा वास तर अगदी आपल्या कारखान्यासारखा. आई, जेवणाची काळजी करू नकोस. चिकट भाताची सवय झाली.

बाबा, हे पत्र खरं तर तुम्हाला. फोनवर तुम्ही तब्येत विचारता, मी पाऊसपाणी विचारतो आणि बोलायचं राहूनच जातं.

माझ्या खोलीमागं मुआय थाईची, म्हणजे इथल्या ठोसे-लाथांच्या लढतीची, तालीम आहे. मी तालीमच म्हणतो. पत्र्याचं छप्पर, एक रिंग, टांगलेल्या बॅगा, जुने टायर. पहाटे पाचला पोरं पळायला निघतात, मग टायरवर उड्या, मग लाथांचा सराव, आणि सात वाजता गणवेश घालून शाळेला. सगळी शेतकऱ्यांची. इसान म्हणतात या ईशान्येकडच्या भागाला; हलकी जमीन, पावसाच्या भरवशावरचा भात. बऱ्याच जणांचे आईबाप बँकॉकला कामाला आणि पोरं आजीकडं. वस्तादांना ‘ख्रू’ म्हणतात, आपल्या ‘गुरू’वरूनच आलेला शब्द. राहणं-खाणं तालमीत, आणि लढताना आडनावाच्या जागी तालमीचं नाव.

भिंतीवर सोमरक खामसिंगचा फोटो आहे. याच खोन केनचा. लहानपणी मुआय थाई लढायचा, पुढं बॉक्सिंगकडं वळला आणि 1996 साली अटलांटात थायलंडला पहिलं ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवून दिलं. तो फोटो बघितला आणि तुमच्या ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवलेला खाशाबांचा फोटो डोळ्यापुढं आला.

तालमीतला सगळ्यांत धाकटा अकरा वर्षांचा आहे. त्याला सगळे ‘लेक’ म्हणतात. थाईत लेक म्हणजे लहान. पहिल्यांदा ती हाक ऐकली तेव्हा आईच मागं उभी आहे असं वाटलं.

गेल्या महिन्यात बुद्धविहाराच्या जत्रेत त्याची लढत होती. आवारातच रिंग, भोवती गर्दी, बोटांच्या खुणांनी पैजा लावणारी माणसं. आपल्याकडं हलगी कडाडते तसे इथं सनईसारखं वाद्य आणि ढोल. लेकच्या डोक्यावर ख्रूंनी मोंगखोन चढवला, म्हणजे मंगल कडं. दंडाला त्याच्या आईच्या लुंगीची फाडलेली पट्टी. गुडघ्यावर बसून त्यानं तीनदा वंदन केलं. पाचव्या फेरीपर्यंत टिकला, आणि जिंकलाही.

उजवा डोळा पार मिटला होता. निम्मे पैसे ख्रूंचे, उरलेल्या नोटा त्यानं दोनदा मोजल्या आणि आजीच्या हातात दिल्या. आजीनं त्या कनवटीला खोचल्या, गाठ पक्की केली, आणि मग त्याची हनुवटी धरून तोंड वर केलं. बाबा, तुम्ही एकदाच सांगितलं होतं, जत्रेतली कुस्ती मारून आलात की आजी आधी इनाम बघायची, मग कान.

मी ख्रूंना वाईट म्हणणार नाही. स्वतःच्या ताटातली अंडी पोरांना वाढताना मी त्यांना बघितलंय. पण आपल्या मातीत डोक्यावर ठोसा मारत नाहीत. इथं मारतात, आणि कवटी तर लेकराची. 2018 साली बँकॉकजवळ तेरा वर्षांचा मुलगा लढतीनंतर मेंदूतल्या रक्तस्रावानं गेला. आठव्या वर्षापासून लढत होता. रामाथिबोदी रुग्णालयाच्या डॉक्टरांनी अशा मुलांच्या मेंदूचे एमआरआय काढून इजा दाखवून दिली आहे. 1999 च्या कायद्यात पंधरा वर्षांखालच्यांना पालकांच्या संमतीनं लढता येतं. उपाशी घराला संमती विचारायची म्हणजे काय विचारायचं?

सातवीत मी तालमीत जायचा हट्ट धरला होता. तुम्ही माझा लंगोट काढून घेतलात, एक शब्द बोलला नाहीत आणि दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला जाऊन शिकवणीची फी भरून आलात. म्हशीचे पैसे होते ते, आईनं नंतर सांगितलं. तरी वीस वर्षं माझ्या मनात एकच, की बाबांना माझ्यात पैलवान दिसला नाही. त्या रात्री आजीची ती गाठ बघून खोलीवर आलो आणि झोप लागली नाही. तुम्हाला दहाव्या वर्षी तालमीत ठेवलं तेव्हा आजोबांनी तुम्हाला विचारलं तरी होतं का? हे मी कधी विचारलं नाही. माझं चुकलं. मला माफ करा.

एक सहकारी फेब्रुवारीत कोल्हापूरला येतोय, त्याच्याबरोबर इथल्या पैलवानांचं चोळायचं तेल पाठवतोय. वास उग्र आहे. आई, रात्री बाबांच्या गुडघ्याला चोळ, ते नको म्हणतील तरी.

लेक संध्याकाळी माझ्याकडं गणितं सोडवायला येतो. ख्रूंनाही ते पसंत आहे. त्याची पुढची लढत एप्रिलनंतर घ्या असं मी त्यांना सांगितलंय, बघू ऐकतात का. परवा त्यानं भिंतीवरचा तुमचा गदेबरोबरचा फोटो बघितला, स्वतःचा कान चाचपला आणि विचारलं, बाबांनी किती लढती मारल्या? मला सांगता आलं नाही.

तेवढं कळवा.

तुमचा मुलगा