आधी वर्ग, मग सराव

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. शाळेतली दोन मुलं आशियाई युवा पॅरा स्पर्धेपर्यंत, म्हणजे दिव्यांग मुलांच्या आशियाई स्पर्धेपर्यंत, न्यायचीच असं तू मनावर घेतलंस, वाचून फार बरं वाटलं. ही स्पर्धा २००९ साली टोकियोत सुरू झाली आणि चार वर्षांनी एकदा भरते. पुढे क्वालालंपूर, दुबई, मनामा आणि २०२५ च्या डिसेंबरात पुन्हा दुबई. एक संधी हुकली की पुढच्या वेळी मूल वयात बसेलच असं नाही. म्हणून सरावाचं वेळापत्रक तूर्त बाजूला ठेव. आधी वर्गीकरणाचं, म्हणजे व्यंगानुसार मूल खेळाच्या कोणत्या गटात बसतं त्याचं, बघू.

आपल्याकडे सगळे यूडीआयडी कार्डावरची (सरकारी दिव्यांग ओळखपत्रावरची) टक्केवारी धरून बसतात. सवलतींसाठी ती लागते, पण पॅरा खेळाचा वर्ग तिच्यावरून ठरत नाही. तिथे पात्रतेसाठी मुख्यतः दोन गोष्टी पाहतात. व्यंग मान्यताप्राप्त दहा प्रकारांत बसतं का, आणि त्या खेळात ठरवून दिलेल्या किमान निकषाइतकं ते आहे का. त्यामुळे साठ टक्क्यांचं प्रमाणपत्र असलेलं मूलही अपात्र ठरू शकतं. कर्णबधिरत्व त्या दहांत नाही. तू तिसऱ्या मुलाबद्दल विचारलं आहेस, त्याचा रस्ता डेफलिम्पिक्सचा, म्हणजे कर्णबधिरांच्या वेगळ्या स्पर्धेचा आहे. त्याला या रांगेत उभं करून त्याचं वर्ष फुकट घालवू नकोस.

आता गोळाफेकवाला मुलगा. स्पायना बिफिडामुळे (पाठीच्या कण्यातल्या जन्मजात दोषामुळे) पाय अधू आणि हात-खांदे दणकट, म्हणजे तो बसून फेकणाऱ्यांत येणार, बहुधा एफ५५ ते एफ५७ या वर्गांपैकी कुठेतरी (एफ म्हणजे फेकीसारखे मैदानी प्रकार, आकडा व्यंगाचा गट सांगतो). आटपाडीच्या सचिन खिलारीने पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये १६.३२ मीटरवर रौप्य घेतलं, त्याचे व्हिडिओ मुलाला जरूर दाखव, पण तंत्र त्यावरून शिकवू नकोस. सचिन एफ४६, तो उभा राहून फेकतो. त्याचा जोर पायांतून वर येतो. तुझ्या मुलाला तो कमरेच्या वरून आणि बैठकीच्या फ्रेमला लावलेल्या, हाताने धरायच्या दांड्यावरून काढायचा आहे.

वर्ग ठरवायला किमान दोन वर्गीकरणतज्ज्ञ असतात. आधी खाटेवर झोपवून, बसवून एकेका स्नायूची ताकद तपासतात, मग खेळाची साधनं घेऊन हालचाली करायला लावतात, आणि गरज वाटली तर प्रत्यक्ष स्पर्धेतही नजर ठेवतात. मुलाबरोबर एकच माणूस आत जातो. तू गेलास तर मध्ये बोलू नकोस. इंग्रजीची अडचण असेल तर दुभाषा वेगळा माग. वैद्यकीय निदानाचा अर्ज इंग्रजीत, डॉक्टरांच्या सहीशिक्क्यानिशी, सोबत एमआरआय आणि शस्त्रक्रियेची कागदपत्रं. नुसतं ‘दोन्ही पाय अधू’ असं लिहिलेला कागद परत येतो. निदान, ते कधीपासून, आणि कोणत्या स्नायूंवर परिणाम, हे तिन्ही त्यात हवं.

कुणी तुला सांगेल, ‘पोराला म्हणावं, जरा जोर कमी लाव, सोपा वर्ग मिळेल.’ अशा माणसाला मुलाजवळ फिरकू देऊ नकोस. मुद्दाम कमी जोर लावल्याचं सिद्ध झालं तर खेळाडूवर बंदी येते, आणि त्याला शिकवणाऱ्यावरही येऊ शकते. वर्गावरून हातातलं पदक कसं जातं हे टोकियो पॅरालिम्पिकमध्ये आपण पाहिलं. थाळीफेकीत एफ५२ मध्ये विनोद कुमारला कांस्य मिळालं होतं, वर्गाची पुन्हा तपासणी झाली आणि निकालच रद्द झाला. वाढत्या वयातल्या मुलांना बहुतेक वेळा कायमचा वर्ग मिळत नाही. नावापुढे ‘आर’ लागतो, म्हणजे पुन्हा तपासणी. मुलाच्या आईवडिलांना हे आत्ताच सांगून ठेव.

आता फ्रेमचं, म्हणजे ज्या लोखंडी बैठकीवर बसून तो गोळा फेकणार तिचं बोलतो, कारण सगळ्यात जास्त फजिती तिथे होते. बैठकीची उंची जास्तीत जास्त ७५ सेंटिमीटर, आणि ती गादीसकट. गावातला वेल्डर ७४ ची फ्रेम करून देतो, मग बूड दुखतं म्हणून कुणीतरी जाड गादी घालतं, आणि मोजमापाच्या खोलीत ती ७७ भरते. गादी आधी आण, मग फ्रेम कापायला सांग. बैठक सपाट किंवा किंचित मागे उतरती चालते, पुढे उतरती चालत नाही. हाताने धरायचा दांडा एकसंध आणि सरळ हवा. वाकवलेला, स्प्रिंगचा किंवा फेकताना लवणारा दांडा बाद होतो. म्हणून पातळ पाइप घेऊ नकोस, तो मुलाच्या जोराने लवतो. मांडीवरचे पट्टे न ताणणारे हवेत. इलॅस्टिकचा पट्टा बांधला की फेकताना बूड बैठकीवरून सुटतं आणि ती फेक फाउल. तिथे फ्रेम वर्तुळात बसवून जमिनीला पट्ट्यांनी आवळतात, तेव्हा खालच्या चारही कोपऱ्यांना कड्या वेल्ड करून घे. हे सगळं करायला वेळ मोजून देतात, अगदी दोन-तीन मिनिटं. घड्याळ लावून त्याचाही सराव कर. फ्रेम नटबोल्टची असू दे. बत्तीस किलोपेक्षा जड नग विमान कंपन्या सहसा घेत नाहीत. पाने आणि जास्तीचे बोल्ट चेक-इनच्या सामानात टाक.

गोळाफेकवाल्या मुलाच्या पायांना संवेदना नाही, म्हणून रोज रात्री ढुंगण आणि टाचा आरशाने तपासायची सवय लाव. नुसता लाल डाग दिसला तरी दुसऱ्या दिवशी फ्रेमवर बसवायचं नाही. स्पायना बिफिडाच्या मुलांत लॅटेक्सची (नैसर्गिक रबराची) ॲलर्जी बरीच आढळते, कॅथेटर (लघवीची नळी) आणि व्यायामाचे रबरी पट्टे त्या हिशेबाने घे.

औषधांची यादी मला आजच पाठव. नसांच्या दुखण्यावर प्रीगॅबालिन चालू असेल तर संयुक्त अरब अमिरातीत ते नियंत्रित औषध आहे. निघण्यापूर्वी तिथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी घ्यावी लागते. ट्रॅमाडॉल हे वेदनाशामकही तिथे नियंत्रित आहे, शिवाय २०२४ पासून स्पर्धेदरम्यान ते उत्तेजक द्रव्यांच्या यादीत आहे. दम्यावर किंवा अंगावर पुरळ आलं म्हणून प्रेडनिसोलोनच्या (स्टेरॉइडच्या) गोळ्या सर्रास देतात, त्याही स्पर्धेदरम्यान चालत नाहीत. खरंच गरज असेल तर उपचारासाठीच्या सवलतीचा अर्ज निदान तीस दिवस आधी करायचा.

धावणाऱ्या मुलीला अजिबात दिसत नसेल तर ती टी११ वर्गात (टी म्हणजे धावण्याचे प्रकार). डोळ्यांवर पूर्ण काळी पट्टी, सोबत मार्गदर्शक धावपटू, दोघांत जास्तीत जास्त तीस सेंटिमीटरची न ताणणारी दोरी. अंतिम रेषा मुलीनेच आधी ओलांडायची, मार्गदर्शक पुढे गेला तर दोघं बाद. म्हणून तो तिच्यापेक्षा बराच वेगवान लागतो, शेवटच्या दहा मीटरमध्ये वेग आवरता येण्याइतका. तू स्वतः धावू नकोस, दत्ता. जवळच्या कॉलेजातला चारशे मीटरवाला पोरगा धर आणि दोघांचा हाताचा झोका जुळेपर्यंत आधी नुसतं चालव. तिच्या नेत्रतपासणीचा अर्ज बारा महिन्यांपेक्षा जुना चालत नाही.

राष्ट्रीय ज्युनिअर स्पर्धेची नोंदणी राज्य पॅरा संघटनेमार्फतच होते, त्यांना या आठवड्यात फोन कर. फ्रेमचं माप आणि दोघांचे वैद्यकीय कागद स्कॅन करून पाठव, डॉक्टरांना काय लिहायला सांगायचं ते मी खुणा करून परत धाडतो.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश