ऑकलंडहून घरी पत्र : भाल्याची डागडुजी आणि नावडते मासे

ऑकलंड, जुलै अखेर

तीर्थरूप बाबांना आणि आईला साष्टांग नमस्कार.

मालवणात १ जूनपासूनची मासेमारीबंदी आता संपत आली असेल आणि ओढून ठेवलेल्या होड्यांच्या सावलीत जाळी शिवण्याची शेवटची घाई चालू असेल. इकडे हा ऐन हिवाळा आहे. ऑकलंडलगतच्या हौराकी आखातातले पाणी चौदा-पंधरा अंशांपर्यंत उतरले आहे, त्यामुळे मीही हे दिवस हत्यारांच्या डागडुजीत घालवते. बाबा, मागच्या वेळी फोनवर तुम्ही विचारलेत की, या भाल्यांची दुरुस्ती कोण करते आणि एवढे करून तू खातेस तरी कोणते मासे. फोनवर नीट सांगता आले नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आमची स्पिअरगन म्हणजे दारूगोळ्याची बंदूक नव्हे. रबराच्या ताणावर स्टीलची सळई सोडणारे ते साधे यंत्र आहे. मी पाठीवर हवेची टाकी न घेता श्वास रोखून खाली जाते. आपल्या रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यात, जे येईल ते सगळे ओढले जाते आणि मग त्याचे वाटे पडतात. इथे मात्र मासा कोणता, केवढा आणि तो घ्यायचा की सोडायचा, हे सगळे भाला सुटण्याआधीच ठरवावे लागते. भाला लागलेला मासा लहान आहे म्हणून परत सोडता येत नाही. म्हणूनच हत्यार नीट राखणे आणि मारलेला मासा पुरता खाणे या दोन गोष्टी मला वेगळ्या काढता येत नाहीत.

डागडुजीत सर्वांत आधी रबर येते. जाड भिंतीच्या, बारीक पोकळीच्या लेटेक्स नळीचे हे पट्टे असतात. माझ्या बंदुकीला सोळा मिलिमीटर जाडीची नळी लागते आणि बंदूक भरताना ती मूळ लांबीच्या तिप्पट ते साडेतीनपट ताणली जाते. ऊन आणि हवेतला ओझोन हे या रबराचे शत्रू आहेत आणि तेल तर त्याहून वाईट. न्यूझीलंडचे ऊन अंगाला गार वाटले तरी त्यातले अतिनील किरण फार प्रखर असतात, म्हणून बंदूक होडीत उघडी ठेवत नाही. पट्टा सैल असताना धडधाकट दिसतो, पण थोडा ताणून उजेडात धरला की आडव्या बारीक चिरा दिसू लागतात. चीर दिसली की पट्टा बदलायचा, त्यात काटकसर करायची नाही. भरताना पट्टा तुटला तर त्याचा फटका हातावर किंवा तोंडावर बसतो.

नवा पट्टा दुकानात तयार मिळतो, परंतु मी नळी मीटरवर विकत घेते आणि पट्टे घरीच बांधते. नळीच्या दोन्ही तोंडांत डायनिमा या मजबूत कृत्रिम धाग्याच्या दोरीचा फास बसवायचा असतो. दोरीच्या टोकाला गाठ मारायची, ती साबणाच्या पाण्याने ओली करून नळीत सरकवायची आणि मग बाहेरून बारीक दोरीने नळी करकचून आवळायची. ही आवळण्याची गाठ म्हणजे दोन वेढे घेऊन टोक त्यांच्याखालून ओढून काढलेली असते; जितका ताण पडेल तितकी ती घट्ट होते आणि तिचे टोक सुटत नाही. बाबा, गाठ ओढण्याआधी दोरी ओली करायची, ही तुमची सवय इथे कामी आली. साबणाऐवजी खोबरेल किंवा ग्रीस लावण्याचा मोह होतो, पण तेलाने रबर आतून कुजते. खटक्याच्या आतील भागाला मात्र सिलिकॉनचे ग्रीस चालते, तेही प्रत्येक वेळी गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून मगच.

सळई आणि बंदूक यांना जोडणारी जाड नायलॉनची दोरी खडकांवर घासते. मी ती बोटांच्या चिमटीत धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढते. नखाला खाच लागली की दोरी बदलायची. तिचे फास ज्या अॅल्युमिनियमच्या नळकांड्यांनी दाबलेले असतात, ती मिठाने पांढरी पडून भुसभुशीत होतात, म्हणून दोरीबरोबर तीही नवी बसवते. त्यासाठी वेगळी पकड मिळते. साध्या पकडीने नळकांडे चेपते, पण ते दोरीला एकसारखे आवळत नाही आणि मोठा मासा ओढ घेऊ लागला की फास निसटतो.

सळई खडकावर आदळली की वाकते. काचेच्या टेबलावर ती हलकेच लोळवली तर वाक लगेच दिसतो. थोडा वाक हाताने काढता येतो. जास्त असेल तर सळई बाद. टोकाला धार लावायची ती हातातल्या कानशीने, सावकाश. ग्राइंडरवर स्टील तापते, त्याचे पाणी उतरते आणि पुढच्याच दगडावर टोक बोथट होते. परंतु टोकाहूनही महत्त्वाचा असतो तो टोकामागचा मुडपणारा काटा. मासा विंधल्यावर हा काटा पलीकडे उघडला तरच मासा सळईवर राहतो. त्याच्या खिळीत मीठ आणि गंज धरला की तो अडकतो, आणि जखमी मासा सुटून कपारीत जाऊन मरतो. असा मासा कुणाच्या ताटात येत नाही, कुठल्या मोजणीतही येत नाही. म्हणून घरून निघण्यापूर्वी आणि पाण्यात उतरल्यावर पुन्हा एकदा, मी तो काटा बोटाने उघडमीट करून पाहतेच. पोहण्याच्या निओप्रीन (फोमसारख्या रबराच्या) पोशाखाचे फाटके तर शिवायचेही नसते. दोन्ही कडांना खास गोंदाचे दोन हात द्यायचे, तो चिकट होईपर्यंत थांबायचे आणि कडा दाबून धरायच्या.

आता माशांविषयी. इथे सगळ्यांना स्नॅपर आणि किंगफिश हवे असतात, जसे आपल्याकडे पाहुणे आले की पापलेट आणि सुरमई. ऑकलंडच्या पाण्यात दर माणशी दिवसाला सातच स्नॅपर आणि तेही तीस सेंटिमीटरपेक्षा मोठे, असा नियम आहे. किंगफिश दिवसाला तीन, प्रत्येक किमान पंचाहत्तर सेंटिमीटरचा. हौसेने धरलेला मासा विकण्यास बंदी आहे. पण नियमात बसते म्हणून रोज स्नॅपरच मारावा, हे मला पटत नाही. मोठे स्नॅपर आणि शेवंडे ही किना नावाच्या काटेरी समुद्री साळूला खातात. हे खाणारे कमी झाले की किना माजतात आणि केल्प या मोठ्या समुद्री शेवाळाचे रान कुरतडून संपवतात. मागे नुसता उघडा खडक राहतो. ली गावाजवळच्या गोट आयलंडच्या राखीव समुद्रात, जिथे १९७५ मध्ये या देशातले पहिले सागरी अभयारण्य जाहीर झाले, मासेमारी थांबल्यावर हे रान पुन्हा उभे राहिले. तिथे नुसते पोहायला गेले तरी मोठमोठे स्नॅपर जवळून फिरताना दिसतात. राखीव हद्दीबाहेर आले की फरक डोळ्यांना सलतो.

त्यामुळे मी बहुतेक वेळा काहावाई आणते. हा थव्याने फिरणारा, चपळ मासा अनेक जण आमिष म्हणूनच वापरतात, कारण त्याचे मांस गडद आणि तेलकट असते व नीट न हाताळल्यास लवकर उग्र होते. दोष माशाचा नाही. होडीत घेताच त्याच्या मेंदूत टोचून त्याला शांत करायचे, कल्ल्यांजवळ कापून रक्त वाहू द्यायचे आणि बर्फ घातलेल्या खाऱ्या पाण्यात बुडवायचे. एवढे केले की त्याची चव बांगड्याच्या जवळ येते. आई, तुझ्या पद्धतीचे तिरफळे घातलेले तिखले मी काहावाईचे करते. सँडरिंगहॅमच्या भारतीय दुकानांत आमसुले मिळतात, नारळही मिळतो. आमच्या शेजारचे माओरी कुटुंब हाच मासा मानुका या इथल्या झाडाच्या भुशाच्या धुरावर शिजवते. तो गरम असताना भाकरीबरोबर खावा.

पारोरे हा दुसरा नावडता मासा. तो शेवाळ आणि पाणवनस्पती खातो, म्हणून त्याला चिखलाचा वास येतो अशी तक्रार असते. किनाऱ्यावर येईपर्यंत न थांबता, आतडे न फोडता त्याचे पोट लगेच साफ केले आणि आतला काळा पापुद्रा खरवडून काढला तर तो वास राहत नाही. लेदरजॅकेट या माशाला नेहमीसारखे खवले दिसत नाहीत, पॉलिश कागदासारखी खरखरीत कातडी असते. डोक्यामागे चीर देऊन ती मोज्याप्रमाणे सोलली जाते आणि आत पांढरेशुभ्र, कमी काट्यांचे मांस निघते. रव्यात घोळवून तळले तर तुम्ही पापलेट विसराल असे मी म्हणणार नाही, पण दुसऱ्यांदा मागाल एवढे नक्की.

नावडता म्हणून दिसेल तो मारावा असेही नाही. रेड मोकी सुस्त असतो, जवळ जाऊ देतो आणि नवशिके त्यालाच पहिला भाला मारतात. पण तो साठ वर्षांपर्यंत जगू शकतो आणि वर्षानुवर्षे त्याच खडकाभोवती राहतो. एक गेला की ती कपार लवकर भरत नाही. मी त्याला सोडते.

इथले पुष्कळ लोक माशाच्या दोन फाकी काढून डोके आणि सांगाडा टाकून देत. २०१६ पासून मांगेरे इथल्या पापातूआनुकू कोकिरी माराएमध्ये (माराए म्हणजे माओरींचे सामुदायिक सभास्थान) काई इका नावाचा उपक्रम चालतो. त्यात ही डोकी आणि सांगाडे गोळा करून दक्षिण ऑकलंडमधल्या कुटुंबांना वाटले जातात. माओरी आणि पॅसिफिक बेटांवरच्या लोकांना डोके हाच माशाचा उत्तम भाग वाटतो, आणि आपल्यालाही. माझ्या घरात डोक्याचे सार होते, त्यामुळे माझ्याकडून त्यांना देण्यासारखे काही उरत नाही.

काळजी करू नका. मी एकटी कधीच पाण्यात जात नाही. एक जण खाली असताना दुसरा वर राहून त्याच्यावर नजर ठेवतो, कारण श्वास रोखून वर येताना शुद्ध हरपण्याचा धोका शेवटच्या काही मीटरमध्ये सर्वांत जास्त असतो. पाण्यावर तरंगणाऱ्या आमच्या बोयावर, खाली माणूस असल्याची खूण म्हणून, निळा-पांढरा झेंडा असतो आणि तो दिसला की दोनशे मीटरच्या आत होड्यांनी पाच नॉटच्या (ताशी सुमारे नऊ किलोमीटरच्या) वर जाऊ नये असा कायदा आहे.

आई, एक विचारायचे आहे. उन्हाळ्यात काहावाई एकदम जास्त मिळतात, तेव्हा त्यांचे खारे करून ठेवावेत असे मनात आहे. बांगडे खारवताना तू मीठ किती घेतेस, आणि उन्हात घालण्यापूर्वी ते किती दिवस दाबून ठेवतेस, हे पुढच्या पत्रात कळव. इथली हवा दमट असते, तेव्हा मीठ वाढवावे लागेल का, तेही बाबांना विचारून लिही.

तुमची लेक