अक्का, त्या रात्री तुम्ही फोन उचललात म्हणून

अक्का, नमस्कार.

फोनवर मी नुसतं थँक्यू थँक्यू करत राहिलो आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की बोलायचं होतं ते राहूनच गेलं. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय. आपल्या चादरींच्या डिझाइनच्या लाइनमधली पोरंपोरी वाचतील, त्यांच्या पण कामाला येईल.

गड्ड्याचे, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेचे दिवस होते. नंदीध्वज निघायला दोन दिवस राहिलेले, कामगारांचं निम्मं लक्ष यात्रेकडं, आणि माझ्या डोक्यावर ३०० चादरींची ऑर्डर, एका शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याची, काठावर शाळेचं नाव आणि बॅचचं वर्ष पाहिजे, ते पण छापून नाही, विणून. बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचा रूळ, मागावर चढवून तयार, माग सांभाळणारा जॉबर दर तासाला येऊन विचारतोय की डिझाइन कधी देताय. आणि नेमकं त्याच सकाळी डिझाइनच्या सॉफ्टवेअरनं अपडेट मागितलं, मी ओके दाबलं. उघडलं नीट, रंग जागेवर, रिपीट, म्हणजे परत परत येणारी नक्षी जागेवर, काहीच तक्रार नाही. दुपारी सेव्ह दाबलं तर मेसेज आला, 'फाइल नॉट फाउंड, चेक द फाइल नेम अँड ट्राय अगेन'. नवीन फाइल सेव्ह करतोय, ती आधीच कुठं सापडणार?

नाव बदललं, छोटं केलं, मराठी अक्षरं काढली. डिस्क बघितली, जागा भरपूर. शेवटी वैतागून प्रोग्राम बंद करून परत चालू केला आणि सकाळपासूनचं सगळं गेलं. शाळेच्या नावात 'ज्ञ' आहे अक्का, आणि तेवढ्या कमी धाग्यांत 'ज्ञ' बसवायचा तर फॉन्ट काही कामाचा नाही, चौकोन चौकोन हातानं भरावा लागतो, हे तुम्हाला काय सांगायचं. वरचा एक चौकोन सरकला तरी अक्षर वाचता येत नाही. तो सगळा परत काढला. रात्री साडेनऊ वाजले, सेव्ह दाबलं, परत तोच मेसेज. तेव्हा हात थरथरायला लागले माझे.

माझे वडील कार्ड पंच करायचे. ग्राफवर नक्षी काढायची, ओळीमागून ओळ वाचत पुठ्ठ्याला भोकं पाडायची आणि कार्डं दोरीत ओवून मागावर चढवायची. फ्रान्समधल्या जॅकार्डनं १८०४ मध्ये तो माग काढला आणि त्याच्याच नावानं आपण अजून जकार्ड म्हणतोय. त्यात एखादं कार्ड फाटलं तर तेवढंच परत पंच करायचे, बाकीची नक्षी समोर लटकलेली असायची, हात लावून बघता यायची. माझी नक्षी मात्र फक्त स्क्रीनवर होती आणि लाइट गेली असती तर परत काहीच उरलं नसतं.

दहा वर्षांपूर्वी आपण मागाच्या एका शेडमध्ये कामाला होतो, त्यानंतर कुठल्या लग्नात भेटलो असू तेवढंच. तरी तुम्ही फोन उचललात, आणि पहिलंच विचारलंत, "प्रोग्राम बंद केला नाही ना? मग बंद करू नका. स्क्रीनवर काय दिसालंय ते शब्दाला शब्द वाचा." अक्का, त्याआधी दोघांना फोन केला होता, दोघंही म्हणाले रीस्टार्ट मार, नाहीतर काढून परत इन्स्टॉल कर. त्यांचं ऐकलं असतं तर 'ज्ञ' तिसऱ्यांदा काढत बसलो असतो.

मग म्हणालात, डॉक्युमेंट्स सोडा, डी ड्राइव्हवर नवीन फोल्डर करा आणि तिथं सेव्ह करा, नाव नुसतं 'ए' द्या. झालं सेव्ह! मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो. मला तेवढ्यावरच फोन ठेवायचा होता खरं तर, पण तुम्ही सोडलं नाहीत. नोटपॅड उघडायला लावलंत, दोन अक्षरं टाइप करून डॉक्युमेंट्समध्ये सेव्ह करायला लावलंत, ते पण झालं. म्हणालात, बघा, फोल्डर चांगला आहे, सॉफ्टवेअर पण चांगलं आहे, या दोघांच्या मधे कुणीतरी उभं आहे.

आणि खरंच होतं. विंडोज सिक्युरिटी, त्यात व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, सगळ्यात खाली रॅन्समवेअर प्रोटेक्शन, त्यात कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस. हे २०१७ पासून विंडोज १० मध्ये आहे, पण आपोआप चालू नसतं, आमच्याकडं मागं कुणीतरी चालू करून ठेवलेलं. अनोळखी प्रोग्रामला डॉक्युमेंट्स, पिक्चर्स असल्या फोल्डरमध्ये काही लिहू द्यायचं नाही, हे त्याचं काम. हिस्टरीत बघितलं तर आमच्याच सॉफ्टवेअरचं नाव, मी सेव्ह दाबल्याच्या प्रत्येक वेळेसकट, ब्लॉक्ड, ब्लॉक्ड, ब्लॉक्ड. परवानगी होती ती जुन्या व्हर्जनला. अपडेटनं नवीन व्हर्जन नवीन फोल्डरमध्ये टाकलं, पत्ता बदलला, म्हणून दारातच अडवलं. डी ड्राइव्हवर तो पहारा नव्हता, म्हणून तिथं सेव्ह झालं.

मी म्हटलं बंदच करून टाकतो. तेव्हा तुम्ही पहिल्यांदा जरा आवाज चढवलात, "बंद कशाला करताय? उद्या एखादा व्हायरस येऊन दहा वर्षांच्या डिझाइन्सला कुलूप लावून गेला तर?" मग अलाऊ ॲन ॲप मधून नवीन व्हर्जनला आत घेतलं, मालकांना फोन करून ॲडमिनचा पासवर्ड घेतला, आणि डॉक्युमेंट्समध्ये सेव्ह झालं. पावणेबारा वाजले होते.

अजून एक गोष्ट, ती तर मी विचारली पण नव्हती. मागाजवळच्या जुन्या कॉम्प्युटरवर नवीन व्हर्जनची फाइल उघडणार नाही हे तुम्हाला आधीच सुचलं. मी म्हटलं जेपीजी काढून नेतो, तर म्हणालात अजिबात नको, बीएमपीच काढा. का ते मला दुसऱ्या दिवशी मुद्दाम करून बघितल्यावर कळलं. आपले सहा रंग म्हणजे सहा विणी. जेपीजी फाइल लहान करायला कडेच्या रंगांची सरमिसळ करतं, सहाचे शेकडो रंग होतात, डोळ्याला दिसत पण नाही, पण मोठं करून बघितलं तर 'ज्ञ' च्या भोवती नुसती धूळ बसल्यासारखं. त्या प्रत्येक ठिपक्याला कुठली वीण द्यायची ते मागाला कसं कळणार. बीएमपीत रंग जसेच्या तसे राहतात.

अडीच तास अक्का. मधे तुमच्या आई मागून तेलुगूत जेवायला हाका मारत होत्या, दोनदा तुम्ही "आलेच" म्हणालात आणि परत माझ्याशी बोलायला लागलात. त्यांचं जेवण माझ्यामुळं थांबलं, त्यांना माझा नमस्कार आणि माफी सांगा. विड्या वळून वळून तुम्हाला कॉम्प्युटर क्लासला घातलेलं त्यांनी, हे तुम्ही शेडमध्ये एकदा सांगितलेलं, माझ्या लक्षात आहे.

चादरी वेळेत निघाल्या. पहिली चादर मागावरून उतरली तेव्हा मी आधी ते अक्षर बघितलं, जॉबरला पण बोट ठेवून दाखवलं, एकेक धागा जागेवर होता.

बीमवर थोडा ताणा, म्हणजे उभे धागे उरलेत, मालकांना विचारून ठेवलंय, त्यात एक चादर तुमच्या आईंसाठी विणतोय, काठावर त्यांचं नाव. तेवढं नाव मराठीत घ्यायचं का तेलुगूत, ते त्यांना विचारून सांगा. तेलुगूत असेल तर कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फोटो पाठवा, मी चौकोन भरायला घेतो.