रविवारची समुद्रघोडे पाहणी: उतरण्याआधी वाचा

सदस्यांनो, येत्या रविवारी सकाळी ७ वाजता समुद्रगवताच्या पट्ट्यात समुद्रघोड्यांची नोंद घ्यायची आहे. पाण्यात उतरणाऱ्यांनी साडेसहालाच धक्क्यावर यावे.

• नांगर वाळूतच टाका. मुळासकट उपटलेलं गवत पुन्हा धरायला वर्षं जातात.
• हात लावायचा नाही. शेपटीने गवताची काडी धरून बसलेल्याची पकड सोडवू नका; त्याला धड पोहता येत नाही. फुगीर पोटाचा दिसला तर तो बहुधा अंडी वाहणारा नर, त्याच्यापासून लांबच राहा.
• फ्लॅश बंद. फोटो नाही आला तर नाही आला!
• नेमकी जागा कुठेही टाकू नका. समुद्रघोड्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २००४ पासून सायटिसचं (वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) नियंत्रण आहे, तरी चोरटी विक्री चालूच आहे.

खोली आणि संख्या त्याच दिवशी संयोजकांना कळवा.